उत्तर ध्रुवाला वाहिलेलं हळदकुंकू

आता हे सांगावं की गिळून टाकावं, असं करत मी हा किस्सा दोन वर्षं पोटात ठेवला. पण चहा ओतलाय, तर ऐकाच.

जर्मनीत, आखनच्या आमच्या लॅबमध्ये उत्तर ध्रुवावरचा बर्फ येतो. नॉर्वेवाले तो आणतात, आम्ही वितळवून गाळतो आणि कुठल्या देशाची धूळ तिथवर पोचली ते शोधतो. गाळायचं नवीन यंत्र आलं ते नेमकं दसऱ्याला. आई फोनवर म्हणाली, "अगं, यंत्राला हळदकुंकू तरी वाहा." पीएचडी करते म्हणून आईचं ऐकायचं नाही, असं थोडंच आहे? वाहिलं. झाकणावर, चिमूटभर. नंतर पुसलंही. म्हणजे, पुसलं असं मला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात बर्फात पिवळे कण सापडले. सोबत लाल! आमच्या प्रोफेसरीणबाई एरवी 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', याच्या पलीकडे बोलत नाहीत, त्या चक्क खुर्चीतून उठल्या. नॉर्वेची इंग्रिड रोज व्हिडिओ कॉलवर. कोणी म्हणे परागकण, कोणी म्हणे वाळवंटातली धूळ. आणि मी? सगळ्यांच्या पुढे! उन्हाळ्यात ध्रुवावर जाणाऱ्या बोटीत एकच जागा उरली होती आणि ती मला हवी होती. वाऱ्यांचे नकाशे उलटे फिरवत मी बाण थेट आमच्या सांगलीला नेऊन टेकवला. सगळे थक्क. मीसुद्धा!

मग एके दिवशी इंग्रिड म्हणाली, "दोन्ही कण एकाच कंदाचे आहेत. लाल कणांना फक्त चुना लागलाय. असं कोण करतं?"

हळदीला चुना लावून कुंकू करतात, हे त्या कॉलवर फक्त मलाच ठाऊक होतं.

सांगून टाकलं. दुसरं काय करणार? मग प्रोफेसरीणबाईंनी शांतपणे विचारलं, "आल्झो, म्हणजे धूळ सांगलीहूनच आली?"

"हो," मी म्हणाले, "पण माझ्या बॅगेतून."

नशीब, निम्मा बर्फ फ्रीझरमध्ये शिल्लक होता. इंग्रिड तर रागवायचं सोडून पूजा कशी करतात, यंत्राला देव का मानतात, तेच विचारत बसली.

बोटीतली जागाही मिळाली हो मला. तिथे बाकीचे बर्फ खणत होते आणि मला लांब उभं केलं होतं, पांढरी अस्वलं येतात का ते बघायला. आता बर्फापासून अस्वलाला लांब ठेवायचं होतं की मला, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.