‘नोंग’ आणि मशीनच्या डोळ्यातलं कुंकू

मंगरूळपीरच्या डाळ मिलमधलं नवं कलर सॉर्टर चांगली डाळ खराब मालात फेकत होतं. व्हिडिओ कॉलवर चिनी टेक्निशियन तेच तेच सांगत होता. मिलचे मालक, सेठ, माझ्याकडे पाहत होते.

"काय म्हणून राह्यला तो?"

कलर सॉर्टर म्हणजे डाळ निवडणारं मशीन. त्यातला कॅमेरा काचेतून दाणा न् दाणा पाहतो. वेगळ्या रंगाचा दिसला की हवेच्या फुंकरीनं उडवतो. मी आसेगावचा, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. पुण्यात चिनी शिकतो. सुट्टीत हे दुभाष्याचं काम मिळालं होतं. आजचा कॉल जमला, तर मिलची बाकीची नवी मशीनं बसेपर्यंत मला ठेवणार होते.

टेक्निशियन एकाच क्रियापदावर होता: नोंग. करणं, दुरुस्त करणं, मिळवणं, साफ करणं, कधी बिघडवणंसुद्धा. चिनी माणूस घरीदारी सगळं ‘नोंग’ करतो. नेमकं काय, ते आजूबाजूच्या शब्दांवरून कळतं. तो म्हणत होता, काचेवरचं लाल ‘नोंग’ करून टाका. म्हणजे पुसा.

मला समजलं होतं. सांगायची हिंमत होत नव्हती. सकाळच्या पूजेत सेठच्या आईंनी मशीनला कुंकू लावलं होतं, नेमकं त्या काचेवर.

शेवटी हळूच म्हणालो, "कुंकू पुसा म्हणते."

"पूजेच्या दिवशी? मायनं लावलं हाय ते! दुसरं काही इचार त्याले."

विचारलं. तो म्हणाला, कसंही ‘नोंग’ करा, काच साफ पाहिजे.

तेवढ्यात आईच आल्या. "काय झालं रे बाबू?"

"मावशी, मशीनच्या डोयात कुंकू गेलं म्हणते तो."

"मंग आंधीच सांगाचं ना! झोंबन नाई का त्याले?"

त्यांनी पदरानं काच पुसली आणि नवं कुंकू मशीनच्या दारावर लावलं. डाळ नीट पडू लागली.

टेक्निशियननं विचारलं, ते लाल काय होतं? कुंकवाला चिनी शब्द मला येत नव्हता. म्हणालो, "नोंग हाओ ल." झालं एकदाचं नीट. त्याचं समाधान झालं. त्यानं कॉल ठेवला.

सेठही खूश. पाठ थोपटत म्हणाले, "शाबास! पण मी ऐकून राह्यलो होतो. तुमी दोघं एकच शब्द बोलत होते. तेवढं तं मले बी येते आता. तू आपला अभ्यास कर."

दुसऱ्या दिवसापासून टेक्निशियनशी सेठ स्वतःच बोलतात. मिल व्यवस्थित चालू आहे. मी शिकलो ते एवढंच: सोप्या शब्दानं काम होत असलं, तरी दुभाष्यानं मालकासमोर दोन-चार अवघड शब्द वापरून घ्यावेत.