म्हशीपुढे थांबलेली जीप

मंडळी, कुणाला जुन्या गाड्यांमधलं कळत असेल तर सांगा. माझं डोकं चालेनासं झालंय.

आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची, जुनी जीप मी स्वतः दुरुस्त केली. ब्रेकचे गंजलेले पाइप बदलले. तारेनं बांधलेला सायलेन्सर नव्या रबरी माउंटिंगवर बसवला. खडखडाट एकदम बंद!

आज सकाळी आबांना चालवायला दिली. वडिवळ्याच्या उतारावर रस्त्याच्या मधोमध म्हैस उभी. जुना ब्रेक दोन-तीनदा दाबल्याशिवाय लागायचा नाही, त्या सवयीनं आबांनी ब्रेकवर पाय आपटला, आणि पहिल्याच दाबात जीप जागेवर थांबली. माझं कपाळ काचेवर आपटलं, म्हैस हातभर लांब राहिली.

मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

आबा म्हणाले, "गाडी बिघडवलीस तू."

"अहो आबा, ब्रेक लागला म्हणून तर म्हैस वाचली!"

"आदी ब्रेक लावायलाच लागत न्हवता. सायलेन्सर वाजला की म्हशी लांबूनच बाजूला व्हायच्या."

मी हॉर्न वाजवला. म्हैस ढिम्म. आबा खाली उतरले, मागं जाऊन सायलेन्सरवर पान्याचे दोन दणके घातले. म्हैस निमूट बाजूला झाली.

आता कपाळावर टेंगूळ आहे आणि हातात तोच पाना. खरं सांगा, माउंटिंग राहू देऊ की काढून परत तार बांधू?