बिनपैशाची कामं

लग्न होऊन मी नगरला माळीवाड्यात आले तेव्हा लढाई ऐन भरात होती. हे हायस्कुलात गणित शिकवत. भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि मागे घरमालकाचा रिकामा गोठा. पहिल्या सकाळी सरपण कुठे ठेवतात ते बघायला मी मागे गेले, तर गोठ्यात विटांच्या चार थप्प्यांवर लोखंडाचा एक लांबलचक सांगाडा ठेवलेला. त्याच्या एका टोकाला गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं.

"हे काय आहे?" मी यांना विचारलं.

"मोटार आहे," हे म्हणाले. मग जरा ओशाळून म्हणाले, "म्हणजे, होईल."

एका मिशनरी साहेबाने विलायतेला जाताना आपली मोडकी गाडी भंगारात काढली होती. ती यांनी आणि यांच्या एका मित्राने मिळून घेतली. मोटारीत बसून कुठे जायचंय, असं काही त्यांच्या मनात नव्हतं. आपल्या हातांनी जोडलेलं यंत्र आपल्या समोर चालावं, एवढीच हौस. लोक पत्ते खेळतात, भजनाला बसतात, तसं हे दोघे रविवारी गोठ्यात बसत.

यांचे हे मित्र श्रीगोंद्याकडच्या शेतकरी घरातले. मॅट्रिकपर्यंत शिकून भिंगारला लष्कराच्या गाड्यांच्या कारखान्यात गोदामाचे कारकून झाले होते. दोघांची ओळख जुन्या बाजारात झाली. भंगाराच्या ढिगात एक पितळी भोंगा होता, त्याला दोघांनी एकदमच हात घातला. किंमत ऐकून दोघांनीही तो परत ठेवला आणि बरोबर चहा प्यायला गेले. मी त्यांना भाऊजी म्हणायची. अंगाने किरकोळ, बोलायला मोठे. दिवसभर त्यांच्या हाताखालून मोटारीचे हजार जिन्नस जात, पण आमच्या गोठ्यात त्यांनी तिथला साधा खिळा कधी आणला नाही. एकदा मी सहज म्हटलं, "भाऊजी, तुमच्याकडे तर सगळंच असेल." ते म्हणाले, "वैनी, ते सरकारचं. त्याच्यावर आपली गाडी चालली तरी मला बसवायची न्हाई."

लढाईच्या काळात दोघांच्या हातात थोडा पैसा असायचा, पण वस्तू मिळत नसत. लोखंडाला परवाना, पेट्रोलला कुपनं, टायर तर दृष्टीसही पडत नव्हते. म्हणून गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकायची. एक स्प्रिंग मिळाली की महिनाभर तिचंच कौतुक. आणि मग लढाई संपली. भिंगारच्या मैदानात लष्कराचा जुना माल लिलावात निघाला. टायरांचे, डब्यांचे, चाकांचे ढीग लागले. दोघे सायकलवरून ते ढीग बघायला गेले आणि संध्याकाळी हात हलवत परत आले. कारण लढाई संपली तशी कारखान्यातली माणसंही कमी केली गेली होती, आणि भाऊजी त्यात होते. इकडे पालकांच्या फिया थकल्या म्हणून शाळेत यांचा पगारही निम्मा हातात पडू लागला. महागाई मात्र होती तिथेच. रेशनच्या दुकानासमोर मी तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन उभी राहायची, आणि पुढ्यात येणारी ज्वारी किड्यांसकट घ्यायची.

"वस्तू नव्हत्या तेव्हा पैसा होता," हे त्या दिवशी जेवताना म्हणाले. "आता बघ."

त्यानंतर दोन-तीन रविवार भाऊजी आलेच नाहीत. हे भिंगारला त्यांच्या खोलीवर गेले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. भाऊजी उंबऱ्यात बसून आपले पाने आणि कानस पुसत होते. कुणाला तरी विकायला काढले होते. ते यांना म्हणाले, "मास्तर, मी आता गाडीत न्हाई. माझ्याच्यानं वाटा निघायचा न्हाई. तुमी एकल्यानं करा."

"मग तुम्ही काय म्हणालात?" असं मी विचारणार होते, पण यांनाच राहवलं नाही. "मी त्याला म्हटलं, खर्चाची कामं बंद. फक्त बिनपैशाची कामं करायची. ती संपतील तेव्हा बघू. पाने पिशवीत घालून घेऊनच आलो त्याचे. विकू दिले नाहीत."

खरंच पिशवी होती.

बिनपैशाची कामं इतकी असतात हे मला तेव्हा कळलं. पत्र्यावरचा गंज विटेच्या तुकड्याने घासून काढायचा. वाकलेले खिळे ठोकून सरळ करायचे. झडलेल्या आट्यांचे बोल्ट वाया न घालवता दुसरीकडे कुठे बसतील ते शोधायचं. पाणी थंड करणारी जाळी गळत होती, तर कुणा ड्रायव्हरने सांगितलं म्हणून माझ्या डब्यातली मूठभर हळद तिच्यात गेली, आणि गळणं थांबलं. मी दोन दिवस पिवळ्या भाजीऐवजी पांढरी भाजी केली. रंगाला पैसे नव्हते. हे शाळेचे फळे रंगवायला काजळी जवसाच्या तेलात खलून काळा रंग करत असत. तसाच रंग त्यांनी घरी केला आणि आमची गाडी फळ्यासारखी काळी झाली. मुलीने तिच्यावर खडूने रेघोट्या ओढल्या. त्या दोघांनीही पुसल्या नाहीत.

टायर मात्र बिनपैशाचे कसे मिळणार? त्यावरही यांनी तोड काढली. जुन्या बाजारातल्या भंगारवाल्याची मुलगी इंग्रजी सातवीत होती आणि गणितात नापास होत होती. हे वर्षभर तिला शिकवायला गेले. ती पास झाली. भंगारवाल्याने लिलावात घेतलेले चार टायर हातगाडीवर घालून आमच्या दारात आणून टाकले. भाऊजींनी त्या दिवशी माझ्या मुलीला एका टायरात बसवून गोठाभर फिरवलं. ती नंतर ओकली, पण पुन्हा पुन्हा बसायला मागत होती.

गादी शिवायचं काम माझ्याकडे आलं. तंबूचं जुनं कापड होतं, आत भरायला काथ्या. कापड इतकं जाड की सुई मोडायची. तेव्हा भाऊजी आपल्या बायकोला घेऊन आले. पारनेर तालुक्यातली, कोरडवाहू रानात वाढलेली, माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान. गोणी शिवायच्या दाभणाने तिने एका दुपारात माझं आठवड्याचं काम केलं. तिला मूल नव्हतं. माझी मुलगी तिच्या मांडीवर झोपे आणि ती जराही न हलता एका हाताने टाके घाली.

"वैनी, ही गाडी चालंल का खरंच?" तिने मला हळूच विचारलं.

"मला काय ठाऊक, बाई."

"चालली न्हाई तरी बरंय," ती म्हणाली. "घरी बसले की भिताडाकडं बघत बसत्यात. हितं आले की हासत्यात."

भाऊजींना कुठे ना कुठे चार दिवसांचं काम मिळे. अडत्याकडे हिशेबाच्या पट्ट्या लिही, कुठे गाड्यांची मोजदाद कर. पण पोटापुरतं नाही. अखेर कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात ऊस गाळायच्या हंगामापुरती नोकरी लागली. काट्यावर उसाच्या गाड्यांची वजनं लिहायची. निघायच्या आदल्या दिवशी ते आले आणि गाडीभोवती एक फेरी मारली. इंजिन जागेवर बसलं होतं. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो तेवढा जळलेला होता, आणि तो काही बिनपैशाचा मिळत नव्हता.

"मास्तर, मी आल्याबिगर चालू करायची न्हाई हां."

"मॅग्नेटोच नाही तर चालू कशी करू?"

"तरी सांगून ठेवतो."

त्यांची बायको भिंगारची खोली सोडून आमच्या गल्लीत एका आजीबाईंच्या पडवीत राहायला आली. दिवसा ती माझ्याकडेच असे.

संक्रांतीला भाऊजी एका दिवसाच्या सुट्टीवर आले. काळवंडले होते, पण खुशीत होते. पंच्यात गुंडाळलेली वस्तू त्यांनी यांच्या हातात ठेवली. मॅग्नेटो. कारखान्याजवळ एका बागायतदाराची बंद पडलेली मोटार होती. सुट्टीच्या वेळात त्याचे वर्षाचे हिशेब लिहून देण्याच्या बोलीवर त्यांनी तो मिळवला होता. दोघांनी जेवण अर्ध्यावर टाकून तो बसवला. यांना धीर निघेना. "पेट्रोल कुठूनतरी आणतो. आजच बघू."

भाऊजींनी मान हलवली. "आज नगं. दुपारची गाडी गाठायचीय मला. घाईत ऐकायची न्हाई. हंगाम संपू द्या. मग श्रीगोंद्याला न्यायची. आमच्या म्हातारीला पुढं बसवायची, आन् आमी मागनं ढकलत येऊ." असं म्हणून ते इतके हसले की ठसका लागला. बायको पाणी घेऊन धावली. जाताना ती त्यांच्याबरोबर वेशीपर्यंत गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

होळीच्या आधी कारखान्यातला एक माणूस शाळेत येऊन यांना भेटला. भाऊजींना आठ-दहा दिवस ताप होता. उतरेना म्हणून दवाखान्यात नेलं होतं. विषमज्वर. यांनी शाळेतून परस्पर कोपरगावची गाडी धरली, पण हे पोचले तेव्हा गोदावरीच्या काठावर सगळं उरकलं होतं. तिसऱ्या दिवशी हे परत आले. हातात एक वळकटी होती. मी दारात होते, आणि भाऊजींची बायको माझ्या मागे पिठाची परात घेऊन उभी. यांनी वळकटी खाली ठेवली. तिने परात खाली ठेवली, वळकटीजवळ बसली आणि दोरीची गाठ सोडू लागली. गाठ सुटेना. मी सोडायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्यांनी बांधलीय."

त्या दिवसापासून हे गोठ्यात गेले नाहीत. गाडीवर जुनी ताडपत्री टाकली, बस.

दिवसकार्य झाल्यावर तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला. सकाळी निघायचं होतं, आणि आदल्या दुपारी ती यांच्यासमोर येऊन उभी राहिली. एरवी ती यांच्याशी दाराआडून बोलायची.

"मास्तर, मला ती एकदा वाजवून दावा."

यांनी माझ्याकडे बघितलं. "काय?"

"गाडी. जाण्याच्या आधी ऐकायचीय मला."

यांनी पायांत चपला घातल्या आणि बाहेर गेले. गल्लीच्या तोंडाशी एक डॉक्टर राहत, त्यांच्याकडे मोटार होती. त्यांच्याकडून एक बाटली पेट्रोल मागून आणलं. ताडपत्री काढली. पेट्रोल ओतलं आणि पुढचं हँडल फिरवायला लागले. एकदा, दोनदा, कितीदा तरी. इंजिन नुसतं उसासे टाकी. यांचा सदरा घामाने भिजला. तिचा भाऊ म्हणाला, "जाऊ द्या मास्तर, न्हाई व्हायची." तो पुढे झाला आणि दोघे आळीपाळीने फिरवू लागले. मी मनात म्हणत होते, होऊ नये. लगेच वाटे, होऊ दे.

आणि एकदम ती पेटली. गोठ्यात धूर कोंडला. कौलांवरची कबुतरं उडाली, मुलगी कानांवर हात ठेवून माझ्या पदरात शिरली. अख्खी गाडी थरथरत होती, दिव्याची काच खुळखुळत होती. गल्लीतली माणसं दाराशी गोळा झाली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि लगेच थांबवल्या.

ती पुढे गेली. गाडीच्या काळ्या पत्र्यावर तिने तळवा टेकवला, आणि मान तिरकी करून ऐकत राहिली. यांनी गाडीला पाठ केली होती.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "घरी ते तोंडानं वाजवून दावायचे. चालू झाली की असं वाजंल म्हनायचे." तिने तळवा काढून घेतला. "ते बरं वाजायचं, मास्तर. बंद करा आता."

यांनी बंद केली. ती सकाळी माहेरी गेली.

उन्हाळ्यात यांनी गाडी मोडली. इंजिन एका शेतकऱ्याने विहिरीवर पाणी ओढायला नेलं. चाकं आणि टायर भंगारवाल्याने घेतले. आलेल्या पैशांतला अर्धा भाग हे स्वतः तिच्या माहेरी देऊन आले. गादी कुणी घेतली नाही. ती मी उसवली आणि कापडाच्या पिशव्या केल्या.

वर्षभराने ती बाजाराला नगरला आली तेव्हा आमच्याकडे उतरली. हात खरबरीत झाले होते. त्या पैशांची तिने म्हैस घेतली होती, तिचं कौतुक सांगत होती. हे शाळेतून आले, तिला बघून ओसरीवरच बसले. पाऊसपाण्याचं बोलणं झालं. निघताना तिने यांना विचारलं, "मास्तर, दुसरी गाडी न्हाई केली?"

"नाही."

"करायची की. ऐतवारी करता तरी काय मग?"

हे हसले, आणि तिचं गाठोडं उचलून मोटार अड्ड्यापर्यंत सोडायला गेले.

रविवारी हे काय करत, ते मला माहीत होतं. जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून पडत. मुलगी विचारी, "बाबा झोपले?" मी हो म्हणे. झोप लागलेली नसे.