नानामामांनी घोड्याला लावलेला कौल

मामीचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात ऑफिसला निघण्याच्या तयारीत होते. "सुमन, मामा उठंनात गं..." एवढंच ती म्हणाली. सांगलीला जाताना गाडीतच मी कुणाकुणाला कळवायचं त्याची यादी केली. आमच्या घरात कुठलंही कार्य निघालं की यादी माझ्याकडे येते, आणि हेही कार्यच. पाव्हणे झाले, तासगावचे बेदाण्याचे व्यापारी झाले, सांगलीतल्या विश्रामबागचे शेजारी झाले. अडले ते पुण्याच्या रेसकोर्सवरच्या दोस्तांपाशी. वर्षातून एकदा भेटणारी ही माणसं. मामा त्यांना 'टोपीवाला', 'सुभेदार', 'खोकणारा' एवढ्याच नावांनी ओळखायचे. फोन नंबर कुणाचाच नाही. त्यांना अजून काही कळलेलं नसेल. पुढच्या मोसमात ते कठड्यापाशी मामांची वाट बघतील. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती वर्तमानपत्राची ही पुरवणी पडली तर कळावं, म्हणून मुख्यतः हे लिहिते आहे.

नानामामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ, आयुष्यभर तासगावात बेदाण्याची दलाली करत होते. त्यांना दारू नाही, तंबाखू नाही. वर्षातून एक रविवार मात्र पुण्याच्या मोठ्या शर्यतीचा. शर्यतीआधी घोडे गोल फिरवून दाखवतात, त्या कठड्याला मामा सगळ्यांच्या आधी जाऊन चिकटायचे. लोक रेसबुक चाळत, घोड्याचा बाप कोण, जॉकी कोण, मागच्या खेपेला कितवा आला, याचा खल करत. मामा पुस्तक मिटून बगलेत धरायचे आणि घोड्याऐवजी त्याला धरून चालणाऱ्या मोतद्दाराकडे बघायचे. आमच्या आजोबांकडे शर्यतीचे बैल होते, तिथली ही शिकवण. "जनावर धरणाऱ्याच्या हाताला इस्वासलं असंल तर पळतंय. हाताला वढ बसली की समजायचं, ह्याचं मन हितं न्हाई." शास्त्र ऐकायला उत्तम होतं. घोडे मात्र बहुतेक वेळा चौथे यायचे.

तरी मामा पैसे लावायचे ते 'विन'वरच, म्हणजे घोडा पहिला आला तरच तिकिटाला किंमत. 'प्लेस'चं तिकीट घेतलं तर पहिल्या तिघांत आला तरी चालतं, पण त्याचा त्यांना मनस्वी तिटकारा. टोपीवाला दर वर्षी प्लेस घ्यायचा आणि दर वर्षी बोलणी खायचा. "तिसऱ्या घोड्याचं पैसं घेणं म्हंजे दुसऱ्याच्या वरातीत जेवल्यागत हाय गड्या." त्यावर टोपीवाला म्हणे, "जेवतो तरी मी. तुम्ही उपाशीच जाता सांगलीला."

मग एका वर्षी मामांच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी बायपास सांगितलं, लवकर करा म्हणाले. मामा टाळत राहिले. आधी द्राक्षांचा हंगाम होता, मग पुतण्याचं लग्न, मग उन्हाळा. मी तीन हॉस्पिटलांची माहिती काढून, खर्च आणि खोल्यांसकट कागदावर मांडून दिली. तो कागद त्यांनी जपून ठेवला आणि विषय बदलला. मामी रडली, अबोला धरला. शेवटी म्हणाली, गावाकडं जाऊ, देवाला कौल लावू. उजवं फूल पडलं तर ऑपरेशन करायचं.

मामा म्हणाले, "देवाला कशाला तरास? घोड्याला इचारू की. ह्या येळंला माझं घोडं आलं तर ऑपरेशन. न्हाई आलं तर पुन्ना कुणी नाव काढायचं न्हाई."

"आवं, घोडं काय देव हाय?"

"खंडोबा कशावर बसतोय?"

मला उत्तर सुचलं होतं, पण मामीनं तोवर हात जोडले होते. पालीच्या खंडोबाचं नाव मधे आल्यावर तिच्या लेखी कौल लागला होता, आणि आता तो मोडता येणार नव्हता.

त्या रविवारी मामांना एकट्याला सोडायचं नाही म्हणून मी बरोबर गेले. रेसकोर्स मी पहिल्यांदाच बघत होते. मी तीन वर्तमानपत्रांतले अंदाज कापून आणले होते. तिन्ही ठिकाणी एकच नाव होतं, एका उंच काळ्या घोड्याचं. कठड्यापाशी मी ती कात्रणं मामांच्या नाकासमोर धरली.

"मामा, आज तरी ह्याच्यावर लावा."

"त्याच्या मोतद्दाराचा हात बघ. दोरी कशी आवळून धरलीय. भ्यायलाय त्यो."

"भिऊ दे. पळायचं घोड्याला आहे."

"मग पुढच्या वर्षी पेपरात अंदाज तूच ल्ही," असं म्हणून त्यांनी एका तांबड्या घोडीकडे बोट केलं. तिचा म्हातारा मोतद्दार तिच्याशी काहीतरी पुटपुटत चालला होता आणि तिचा एक कान सारखा त्याच्याकडे वळत होता. "ही," मामा म्हणाले. मग मला कठड्यापाशी उभं करून एकटेच तिकिटाच्या खिडकीकडे गेले. येताना दम लागला होता, कपाळाला घाम होता. मी बसायला सांगितलं तर ऐकलं नाही.

शर्यत सुरू झाली आणि मी कधी ओरडायला लागले ते मला कळलं नाही. शेवटच्या वळणावर तांबडी पाचवी होती. मग चौथी... मग पुढचा एक घोडा मागे पडला आणि ती तिसरी आली. काळा पहिला. संपलं. ऑपरेशनचं नाव आता कुणी काढायचं नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मामी होती. मामांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"आलं," ते म्हणाले.

पलीकडे मामी काहीतरी बोलली.

"व्हय, आलंच. सांग डॉक्टरला."

फोन ठेवून त्यांनी सदऱ्याच्या खिशातून तिकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. त्यावर 'प्लेस' होतं. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते मैदानाकडे बघत होते. टोपीवाला जवळच उभा होता. तो वाकून तिकीट बघून गेला, पण त्या दिवशी एक अक्षर बोलला नाही. मामा हळू आवाजात म्हणाले, "मामीला सांगू नगंस. भ्या वाटलं गं मला, सुमे."

मामीला मी कधी सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नसावी. ऑपरेशन झालं, ते माझ्या कागदावरच्या दुसऱ्या हॉस्पिटलात, आणि मामांना पुढे काही चांगली वर्षं मिळाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. विश्रामबागच्या मैदानावर रोज सकाळी ते, कुलकर्णी सर आणि मुल्ला असे तिघं चालायचे. ते दोघं ताठ, झपझप जाणारे. मामा दहा पावलं मागे. "या लवकर, नाना," असं सरांनी म्हटलं की मागून उत्तर यायचं, "तुमी व्हा म्होरं. मी प्लेसला हाय." वळणावर ते दोघं थांबून त्यांना गाठू द्यायचे.

मागच्या आठवड्यात मामीकडे राहिले होते. सकाळी दूध आणायला बाहेर पडले तर मैदानावर सर आणि मुल्ला चालताना दिसले. दोघांचं जुन्या पगारवाढीवरून काहीतरी चाललं होतं, हातवारे करत होते. वळणापाशी आल्यावर दोघांचं बोलणं थांबलं, पाय थांबले. मागे कुणी वळून बघितलं नाही. एक माणूस येऊन मिळायला लागेल एवढा वेळ ते तसेच उभे राहिले... आणि मग पुढे निघाले.