उताऱ्यात नाहीये

डोंबिवलीच्या त्या क्लासमध्ये मराठीच्या बाई मध्येच सोडून गेल्या, म्हणून सातवीचे उतारे माझ्याकडे आले. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. मी क्लास चालवणाऱ्या सरांना तसं सांगून पाहिलं. "उत्तरं छापलेली असतात हो," सर म्हणाले.

क्लासची एक पद्धत होती. आधी प्रश्न वाचायचा, त्यातला मोठा शब्द पकडायचा, तो उताऱ्यात शोधायचा आणि तिथून पूर्णविरामापर्यंत उतरवून काढायचं. मुलं पेन्सिल घेऊन शब्दांच्या मागे लागत. कोणी उतारा वाचत असेल असं मला वाटत नव्हतं.

एक मुलगी मात्र वाचायची. लोकलने दिव्याहून यायची, खिडकीजवळ बसायची. उताऱ्यावरून एकदा नजर फिरवायची, मग उत्तरं लिहून पेन खाली ठेवायची. सगळी बरोबर. मला तोच उतारा वाचायला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागे, म्हणून मला पहिल्यापासून शंका होती. सरांनाही होती. आठवीच्या स्कॉलरशिप बॅचमध्ये एकच जागा उरली होती आणि मार्कांवरून ती हिला मिळणार होती.

"गाइड पाठ करून येते," सर मला म्हणाले. "लक्ष ठेवा. कॉपी निघाली तर जागा दुसऱ्या कोणाला देऊ."

मी लक्ष ठेवलं. तिला खिडकीजवळून उठवून पुढे बसवलं. तिचे तळहात पाहिले. एक दिवस तिला दप्तर दाराबाहेर ठेवायला सांगितलं.

"माझंच का, टीचर?"

"सगळ्यांचंच," मी घाईघाईने म्हणाले. मग सगळ्यांना दप्तरं बाहेर न्यावी लागली आणि जिन्यात चालायला जागा उरली नाही.

तरीही तिची उत्तरं बरोबरच येत राहिली. शेवटी मी घरी बसून स्वतःच एक उतारा लिहिला. हा कुठल्याच गाइडमध्ये असणं शक्य नव्हतं. एका इमारतीत पाणी नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई शेजारणींना सांगतात, आज टँकर येणार नाही, दुपारी निवांत झोपा. मग दार लावून घेतात आणि पिंप घासून ठेवतात. एवढंच. शेवटचा प्रश्न होता, बाईंनी शेजारणींना असं का सांगितलं?

बाकीच्यांनी लिहिलं, कारण टँकर येणार नव्हता. तिने आधीचे सगळे प्रश्न बरोबर सोडवले होते आणि हा कोरा ठेवला होता. सापडली, असं मला वाटलं. क्लास सुटल्यावर मी तिला थांबवलं.

"हा का सोडलास?"

"उताऱ्यात नाहीये."

"मग?"

"सरांनीच सांगितलंय ना, उताऱ्यात नाही ते लिहायचं नाही. मार्क कापतात."

"पण तुला काय वाटतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी कागदाकडे पाहिलं.

"अहो टीचर, ती खोटं बोलतेय. टँकर येणार नसेल तर पिंप कशाला घासतेय? बाकीच्या झोपल्या की हिला पहिला नंबर. आमच्या वरच्या काकू सेम अशाच आहेत."

"अगं, मग हे लिहायचं ना!"

"लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, कोणी सांगितलं."

तेवढ्यात सर आले; उतारा मी लिहिलाय हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पेपर हातात घेतला आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "बघा, गाइड नाही तर उत्तर नाही. मी म्हटलं नव्हतं?"

मोठ्या आवाजात बोलायची मला सवय नाही. "ती कॉपी करत नाही, सर," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नसावं, म्हणून पुन्हा म्हणाले. "तिला तोंडी विचारा."

सर खुर्चीत बसले. "बोल. का सांगितलं बाईंनी?"

ती म्हणाली, "बरोबर आलं तर जागा माझी ना?"

सर हसले. "अरे वा! वकील होणार का?"

"हो म्हणा आधी."

"बरं, हो."

तिने सगळं पुन्हा सांगितलं, वरच्या काकूंना वगळून. सरांनी उतारा वाचला, पिंपाच्या ओळीवर थांबले, तिच्याकडे पाहिलं. "सोमवारपासून स्कॉलरशिपला बस," ते म्हणाले. "पण परीक्षेत असलं काही लिहू नकोस."

आम्ही दोघी एकदमच खाली उतरलो. शेवटच्या पायरीवर ती थांबली.

"माझ्यावर लक्ष ठेवायला तुम्हाला सरांनी सांगितलेलं ना?"

"हो."

"मला वाटलेलंच," ती म्हणाली. "एरवी तुम्ही कोणाकडे बघतच नाही."