तलाव फोडल्याची खोटी कबुली

ती सकाळ मला आजही लख्ख आठवते. मी आठवीत शाळा सोडलेला, कोल्हापूरकडचा. पोलीस शिपाई म्हणून भरती झालो, बढती मिळत फौजदार झालो आणि शेवटची नेमणूक घरापासून पार लांब, भंडारा जिल्ह्यात मिळाली. इथल्या लोकांनी मला फार सांभाळून घेतलं.

सिहोऱ्याकडच्या एका गावात भारत आणि नेपाळच्या सहकार्यातून तलावाचा गाळ काढायचं काम चालू होतं. तिकडचे शेतकरी आपली तलावावरची धानशेती बघायला आले होते. त्यातला एक तलावाच्या राखणदाराच्या घरी उतरला होता. धान निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला आलेला, शेवटचं पाणी तलावातूनच मिळणार. आणि सकाळी बघतात तर तलाव निम्मा रिकामा! कामाच्या स्थानिक समन्वयकानं ठाण्यात फोन केला, "साहेब, रात्री तो नेपाळी तलावाच्या पाळीवर, बांधावर फिरताना दिसला."

परदेशी नागरिक म्हटल्यावर मी प्रत्येक पाऊल नियमानं टाकलं. वरिष्ठांना कळवलं, स्टेशन डायरीत नोंद घेतली, त्याला आणवलं. मी विचारायच्या आतच तो म्हणाला, "मैंने खोला, साहब."

"कैसे खोला? दिखाओ."

त्यानं दोन्ही हातांनी हवेत चाक फिरवलं.

दारात उभा राखणदार ओरडला, "कायले खोटा बोलून राहिला बे! आपल्या तलावाले चाक कुठी हाय?"

खरंच नव्हतं. तिथली पाणी सोडायची वाट, तुडूम म्हणतात तिला, लाकडी खुंट्यानं बंद असते. पाण्यात उतरून खुंटा उपसावा लागतो. पाहुण्यानं मान खाली घातली. हळूहळू सांगितलं: घरधनी, म्हणजे हा राखणदार, पहाटे चिंब होऊन आला होता, हे त्यानं पाहिलं होतं आणि तलाव त्यानंच फोडला असं त्याला वाटलं होतं.

"अरे, पाणी वाहताना दिसलं म्हून खुंटा लावाले उतरलो होतो ना मी! मले विचारलं असतं तर तोंड झिजलं असतं का तुहं?" राखणदार म्हणाला. मग माझ्याकडे वळला, "समन्वयक साहेब पाणी उतरव म्हणून मागेच लागले होते जी. मी नाही म्हटलं."

समन्वयकाला बोलावलं. तो साफ नाही म्हणाला. मी एवढंच विचारलं, "रात्री तुम्हाला हा पाळीवर दिसला, तर तुम्ही तिथं कशाला गेला होता?"

खुंटा आपणच उपसल्याचं कबूल करत तो म्हणाला, "दोन्ही देशांचे अधिकारी येणार होते. तळ उघडा पडल्याशिवाय गाळ काढल्याचे फोटो कसे काढणार?"

फोटोसाठी अख्ख्या गावाचा धान! मी पंचनामा लिहायला घेतला.

जाताना पाहुण्याला विचारलं, दुसऱ्याचं अंगावर का घेतलंस? म्हणाला, "मैं तो घर चला जाता, साहब. इसको तो यहीं रहना है."

त्यानंतर कुणी पटकन कबुली दिली की मला हायसं वाटेनासं झालं. समोरच्याला आधी पाणी द्यायचो आणि विचारायचो, "कुणाला वाचवतोयस?"