तूस नसलेलं लिंपण

सापगावात वेणू कधीही भेटू दे, दातांवर मशेरी नि तोंडावर हसू. भावाच्या पडवीत तिची वेगळी चूल, दोन शेळ्या, चार कोंबड्या. उजवा हात कोपरात पुरता सरळ होत नाय, म्हणून पावसात भाताची रोपं डाव्या हातानं लावते, तरी ओळीत बाकीच्या बायांच्या पुढंच. म्हणते, "वाकडा तर वाकडा, माझा मी वापरतंय ना!"

तो हात मोडला वैशाखरे गावात, सासरी. नवरा दामू. बारा वर्सं तिनं मार खाल्ला. साठ सालच्या शिमग्यात त्यानं जात्याचा खुंटा उपसून हाणला, तेव्हा भाऊ नामदेव तिला घेऊन थेट पोलीस चौकीवर गेला. तक्रार लिहिली, हात बांधून घेतला, माहेरी आणली.

आठवडा झाला नाय तोच दामूची उलटी तक्रार. बायकोनं नि मेव्हण्यानं कणगीतलं भात चोरून गाडीनं नेलं म्हणे. वर निरोप, "नांदायला ये, तक्रार मागं घेतो. नायतर तुझा भाऊस जाईल आत."

नामदेवची दोन पोरं लहान. वेणू गाठोडं बांधायला लागली. नामदेव म्हणाला, "सोड ते. चोरी केलीच नाय तर भ्यायचं कशाला? पंचनाम्याला मी येतंय संगती."

दामूच्या घरी जमादार आला, दोन पंच बसले, वेणू नि नामदेव पण पोचली. दारात गल्लीतल्या बाया. कणगी म्हणजे बांबूची, माणसाएवढी उंच. भात भरलं की तिचं तोंड पेंढ्यानं झाकून शेणमातीनं लिंपतात. लिंपण होतं तसं होतं, पण जमादारानं काठी वाजवली तर अर्धी कणगी पोकळ.

"बघा सायेब," दामू म्हणाला, "भात काढलं नि मला कळू नाय म्हणून वरून परत लिंपलं. जायच्या आधीच, हात धड व्हता तवा."

पंचांनी माना हलवल्या. मग सकुबाई पुढं आली. दामूची सख्खी चुलती. तिनं लिंपणात नख घातलं. ढलपा खाली.

"ह्याच्यात तूस कुठं हाय?"

जमादाराला कळेना. "म्हंजे?"

"सायेब, शेणमातीत भाताचं तूस कालवलं नाय तर ती भेगाळते. ही नाचणीची कणगी बघा, वेणूच्याच हातची. हाय एक तरी भेग? नि ही बघा, चिखल वाळलेल्या म्हशीच्या पाठीवानी. बाईमाणूस असं लिंपत नाय. ह्यो बाप्याचा हात हाय."

बाया फिदीफिदी हसल्या. दामू तापला. "तूस नव्हतंच घरात त्या दिशी! कुठनं घालणार?"

बोलून गेला नि मग हळूच कणगीपासून मागं सरला. नामदेवनं डोक्यावरची टोपी काढून झटकली. भात हातभट्टीवाल्याकडं गेलं ते गावाला ठाऊकच होतं, सायबापुढं बोलत कोण नव्हतं इतकंच.

सकुबाई म्हणाली, "दाम्या, बायको बडवायला शिकलास, लिंपायला तेवढं शिकला नायस."

जमादारालाही हसू आवरलं नाय. त्यानं सगळं लिहून घेतलं. चोरीची तक्रार तिथंच मेली. हाताची वेणूनं मागं घेतली नाय, त्यापायी दामू पुढं महिनाभर आत बसून आला.

त्या दिवशी निघताना ती घरात गेली नि गोधडी नि तवा घेऊन आली. दोन्ही माहेरची.

"लिवा सायेब."

"काय लिहू?"

"एक गोधडी, एक तवा. वेणू घेऊन चालली, दामूच्या डोळ्यांदेखत. नायतर उंद्या ही बी चोरी व्हईल."

"अगो, पंचनामा झाला ना!"

"मग परत उघडा. नि खाली ह्याचा अंगठा घ्या."

जमादारानं लिहिलं. दामूनं अंगठा उठवला. वेणूनं गोधडी खांद्यावर टाकली, तवा नामदेवच्या हातात दिला नि म्हणाली, "चल दादा, भूक लागलीय."